रात्री कळा सुरू झाल्या तर: पाड्यापासून प्रसूतिगृहापर्यंतची वाट आधीच कशी ठरवायची

ठाणे जिल्हा म्हटलं की घोडबंदर रोडचे टॉवर नाहीतर वाशी-नेरूळ आठवतं. पण शहापूर, मुरबाड आणि वज्रेश्वरीकडचा भिवंडीचा पट्टाही याच जिल्ह्यात आहे. कसारा, डोळखांब, टोकावडे या बाजूंना असे पाडे आहेत, जिथं डांबर संपल्यावर पुढं पायवाटेनंच जावं लागतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, तेव्हा जव्हार-मोखाड्याबरोबर सगळा आदिवासी भाग तिकडं गेला, असं शहरात अनेकांना वाटतं. तसं झालेलं नाही. अख्खा शहापूर तालुका आजही अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड आणि भिवंडीचा काही भागही आहे.

राज्याचे आकडे चांगले आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं नोंदलं गेलं. २०१८-२०च्या नमुना नोंदणीनुसार राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागं ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. पण सरासरीच्या पलीकडं ज्या बाया राहतात त्या कातकरी वाडीवर, वीटभट्टीवर आणि ओढ्यापलीकडच्या पाड्यावर राहतात. त्यांच्यापर्यंत योजना पोहोचलेल्या नाहीत असंही नाही. आशाताई नाव लिहून घेते, कार्ड मिळतं, गोळ्याही मिळतात. नोंद होते, पण वाट ठरत नाही. कळा सुरू झाल्यावर कुणाला उठवायचं, गाडी कुठून आणायची, कुठल्या दवाखान्याच्या दारात उतरायचं, बरोबर कोण जाईल, हे सगळं त्या रात्री ठरवलं जातं. ते सातव्या महिन्यात ठरलेलं असावं, एवढ्यासाठी हा लेख.

तो आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, ग्रामपंचायत सदस्य आणि पाड्यावरची शिकलेली मुलं-मुली यांच्यासाठी आहे. ठाणे-डोंबिवली-नवी मुंबईहून तिथं जाऊन काम करणाऱ्यांसाठीही आहे. औषधं आणि उपचार डॉक्टर आणि सिस्टर ठरवतील. बाकीचं गावानं ठरवायचं असतं.

आधी यादी, तीही पाड्यावर बसून

उपकेंद्रात यादी असतेच. अनुसूचित क्षेत्रात साधारण ३,००० लोकवस्तीमागं एक उपकेंद्र धरतात, पण ही लोकवस्ती डोंगरउतारावर पाच-सहा ठिकाणी पसरलेली असते. म्हणून प्रत्येक पाड्याची वेगळी यादी करा. तिच्यात बाईचं नाव, कितवा महिना, बाळंतपणाची अंदाजे तारीख, कितवी खेप, आधीचं बाळंतपण कुठं आणि कसं झालं, रक्तगट आणि घरात रात्री कोण असतं, एवढं लिहा. शेवटचा मुद्दा फालतू वाटतो. पण नवरा कल्याणला बिगारी कामावर, सासू वनात लाकडाला, असं असेल तर फोन कोण करणार, हा प्रश्न तिथंच पुढं येतो.

लपवलेलं गरोदरपण यादीत येत नाही. पहिलटकरीण लाजते, काही घरांत तीन महिने होईतो सांगायचं नाही अशी रीत असते, आणि चौथ्या-पाचव्या खेपेची बाई ‘आता काय तपासायचं’ म्हणून येत नाही. चौकशीला गेलात की हे कळत नाही, बायांच्या गप्पांत बसलात की कळतं. पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. पुढच्या तीन साधारण १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. चार ही कमीत कमी संख्या आहे, जास्त झाल्या तर उत्तमच.

कार्ड वाचायला शिका

माता व बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं असतं. जपतात, पण वाचत कुणीच नाही. ते उघडून चार जागा बघा.

हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, ७च्या खाली असेल तर धोका मोठा आहे. त्या बाईला उपकेंद्रावर थांबवू नका, डॉक्टरकडं न्या. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस घ्यायची असते. गोळी घेतली की मळमळतं, शी काळी होते, म्हणून बाया ती बंद करतात आणि सिस्टरला ‘घेते’ असं सांगतात. अशा बाईला ओरडू नका. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, चहाबरोबर नको म्हणावं, आणि पुढच्या वेळी रिकामं पाकीट बघायला मागा. गोळीनं भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, ते डॉक्टर ठरवतील.

रक्तदाब १४० / ९० किंवा त्याहून वर असेल, लघवीत प्रथिनं सापडली असतील, तर झटके येण्याचा धोका असतो. अशी बाई चालती-बोलती असते, कामही करते, म्हणून घरच्यांना पटत नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहरा-हात सुजणं यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही.

तिसरी जागा सिकलसेलच्या तपासणीची. आदिवासी समाजांत हा आजार अधिक आढळतो, आणि गरोदरपणात त्याचा त्रास वाढतो. तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

चौथं म्हणजे स्टिकर. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासणी होते. जोखमीची बाई सापडली की कार्डावर लाल स्टिकर लावतात, जोखीम नसेल तर हिरवा. शक्य असेल तिथं प्रत्येक बाईला ९ तारखेला एकदा तरी न्याच. पाड्यावरून चार-पाच जणी एकत्र निघाल्या तर एका जीपचं भाडं वाटून जातं, आणि एकटीला जायची भीतीही राहत नाही.

कुठल्या दारात उतरायचं?

जवळचा दवाखाना हेच नेहमी बरोबर उत्तर नसतं. यावर मी थोडं अधिक लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो.

होतं असं. बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचते, तिथून ग्रामीण रुग्णालयात पाठवतात, तिथून उपजिल्हा रुग्णालयात, तिथून ठाण्याला, आणि काही वेळा तिथूनही पुढं कळव्याला. प्रत्येक ठिकाणी केसपेपर, तपासणी, ‘डॉक्टर येतायत’, मग नवी गाडी. बाळंतपणानंतर जोरात रक्त जाऊ लागलं तर बाई दोन तासांतही दगावू शकते. एवढ्या पायऱ्या तिला परवडत नाहीत.

म्हणून जोखीम नसलेल्या बाईसाठी चोवीस तास सिस्टर असणारं, नेहमी बाळंतपणं करणारं जवळचं आरोग्य केंद्र योग्य. तिथली प्रशिक्षित सिस्टर कळांचा वेग नोंदते, बाळ बाहेर येताच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देऊन रक्तस्राव आटोक्यात ठेवते, न रडणाऱ्या बाळाला श्वास देते. कुशल हात म्हणतात ते हेच, नुसती इमारत नव्हे. केंद्र असेल पण रात्री कुलूप असेल, तर ते त्या बाईच्या वाटेवरून काढून टाका.

लाल स्टिकरच्या बाईला मात्र पहिल्यापासूनच मोठं ठिकाण ठरवा. आधीचं सिझर, जुळं, आडवं बाळ, वाढलेला रक्तदाब, सातच्या खाली हिमोग्लोबिन, आधीच्या वेळी जोरात रक्त गेलेलं, फार कमी उंची, यांपैकी काही असेल तर तिनं मधल्या दारांवर थांबू नये. सिझर होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त. ज्या रुग्णालयाचं नाव तुमच्या मनात आहे तिथं जाऊन स्पष्ट विचारा. रात्री सिझर होतं का? भूलतज्ज्ञ मुक्कामाला असतात की बोलवावे लागतात? रक्त साठवण केंद्र सुरू आहे का? ही विचारपूस सातव्या-आठव्या महिन्यात करा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण बदल्या होतात आणि पदं रिकामी राहतात.

शहापूरकडून वाट साहजिकच नाशिक महामार्गानं शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडं आणि पुढं ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडं जाते. मुरबाडकडून कल्याणवरून उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय सोयीचं पडतं. भिवंडीच्या गावांना इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, आणि कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. ठाण्याच्या या जिल्हा रुग्णालयाच्या, म्हणजे सिव्हिलच्या, जुन्या जागेवर नव्या इमारतीचं काम निघाल्यावर विभाग हलवले गेले, तेव्हा प्रसूती विभागाचं दार आज कुठं आहे ते आधी बघून ठेवा. वडपे ते माजिवडा हा पट्टा आणि शहाडचा पूल इथली कोंडी माहीत नसलेला माणूस या भागात नाही. संध्याकाळी सहाला निघालेली गाडी आणि पहाटे चारला निघालेली गाडी यांचा हिशेब वेगळा असतो, हे ठरवताना धरा.

ठरलेलं ठिकाण, पर्यायी ठिकाण आणि तिथला फोन कार्डाच्या मागं पेनानं लिहा. मोबाइलमध्ये ठेवलेलं नको, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.

गाडी

१०८ आणि १०२ यांत लोकांचा गोंधळ होतो. १०८ ही निकडीची सेवा, तिच्यात डॉक्टर असतो, ती राज्यात २०१४पासून सुरू आहे. १०२ ही गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी तान्ह्या बाळासाठी: घरून दवाखान्यात, गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात आणि नंतर परत घरी. दोन्हींना पैसे नाहीत. कुणी डिझेलचे मागितले तर देऊ नका, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा.

फोन लावायचा कुठून हा पाड्यावरचा खरा प्रश्न. प्रत्येक पाड्यावर रेंज येणारी एखादी जागा असते: टेकाडावरचा दगड, शाळेची मागची भिंत, एखाद्या आंब्याखाली. पोरांना ती पक्की माहीत असते. रात्री तिथवर कोण जाणार, बॅटरी (टॉर्च) कुणाकडं आहे, हे नावानिशी ठरवा. फोनवर काय सांगायचं हेही सराव करून घ्या, कारण कॉल सेंटरवरचा माणूस पुण्याचा असतो, त्याला ‘वरची वाडी’ कळणार नाही. ग्रामपंचायतीचं नाव, तालुका, मुख्य रस्त्यावरची ठळक खूण, आणि गाडी जिथवर येऊ शकते ती जागा सांगायची. त्या जागेवर एक माणूस बॅटरी घेऊन उभा राहील, असंही सांगायचं.

रुग्णवाहिका बहुतेक वेळा पाड्यापर्यंत येत नाही. मधला तुकडा तुमचा. झोळीत नेताना बाई पाठीवर सपाट झोपली तर पोटातल्या भारानं रक्तवाहिनी दाबली जाते आणि तिला घेरी येते. तिला डाव्या कुशीवर, पाठीमागं गोधडी लावून झोपवा. चार खांदेकरी आणि दोन बदली हवेत, ही सहा नावं पाड्याच्या भिंतीवर लिहिलेली असू द्या. दिवसा एकदा मोकळी झोळी घेऊन चालून बघा आणि किती वेळ लागतो ते मोजा. रात्री, चिखलात, त्याच्या दुप्पट धरा.

शिवाय गावातल्या एका खाजगी गाडीशी आधीच बोलणी करा: जीप, टमटम, भाजीचा टेम्पो, काहीही चालेल. भाडं ठरवा आणि ते बचत गटातून तिथल्या तिथं मिळेल असा शब्द द्या. ड्रायव्हर रात्री नाही म्हणतो ते बऱ्याचदा भाडं बुडेल या भीतीनं.

पावसाळ्यातल्या तारखा

मे महिन्यातच यादीवर बसा आणि जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्या बायांवर खूण करा. त्यांतल्या कुणाच्या वाटेत पुलाविना ओढा आहे, कोण धरणाच्या पलीकडल्या काठावर राहते, ते बघा. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं याच भागात आहेत, आणि त्यांच्या काठच्या काही वाड्यांना पावसात बाहेर पडणंच कठीण होतं. या बायांनी तारखेआधी आठ-दहा दिवस रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडं किंवा आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत याचसाठी माहेरघर असतं. तिथं बाई सोबतीणीसह राहू शकते, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाईही मिळते. तुमच्या केंद्रात ते सुरू आहे का, आणि तिथं खरोखर खाट, संडास आणि जेवण आहे का, हे एकदा डोळ्यांनी बघून या.

बाई यायला कचरते ती घरच्या काळजीनं. भाताची लावणी आहे, कोंबड्या आहेत, थोरलं पोर कुणाकडं ठेवायचं. या प्रश्नांना पाड्यावर उत्तर मिळालं तरच ती येते. शेजारणीनं दोन पोरं सांभाळायचं कबूल केलं की निम्मं काम झालं.

जगायला गेलेल्या बाया

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं ‘जगायला’ बाहेर पडतात: भिवंडी, कल्याण, शहापूरच्याच दुसऱ्या टोकाला, रायगडात, वीटभट्टीवर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पावसाआधी परत येतात. गावच्या यादीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि भट्टीजवळच्या गावात ती कुणाच्याच यादीत नसते. सगळ्यात धोक्यातली बाई बहुधा हीच असते.

निघण्याआधी तिचं कार्ड तिच्याजवळच राहील हे बघा, घरी सासऱ्याकडं नको. पुढच्या दोन महिन्यांच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बरोबर द्या. भट्टी कुठल्या गावाजवळ आहे ते मुकादमाला विचारा, तिथल्या आशाताईचा फोन तालुका आरोग्य कार्यालयातून मिळवा, आणि दोघींचं बोलणं करून द्या. एक फोन, पाच मिनिटं. पत्रव्यवहारानं हे काम होत नाही.

भट्टीच्या बाजूच्या गावांनी डिसेंबरमध्ये भट्ट्यांवर फेरी मारावी. ‘तुम्ही इथल्या नाही’ असं सांगून कुणालाही परत पाठवता येत नाही. सरकारी दवाखान्यात मोफत बाळंतपणाचा हक्क देशभर कुठंही आहे, त्याला रहिवासी दाखला लागत नाही. भट्टीमालकाशी एकच बोला: रात्री एखादीला कळा आल्या तर भट्टीची गाडी निघेल. मातीचे ट्रॅक्टर-टेम्पो तिथं उभेच असतात. तोंडी हो म्हणाला तरी चालेल, पण चार माणसांसमोर म्हणू दे.

सुईण, सासू आणि लाज

पाड्यावरच्या सुईणीला बाजूला सारून काहीच होत नाही. बाई तिच्या हातावर विश्वास ठेवते आणि कळा सुरू झाल्याचं पहिल्यांदा तिलाच कळतं. तिचं काम बदला: बाळंतपण करणारी नव्हे, घेऊन जाणारी आणि शेजारी बसणारी. केंद्र सरकारनं २०१६मध्येच सरकारी प्रसूतिगृहात सोबतीणीला परवानगी द्यायची सूचना काढली आहे. सुईण पाठ चोळत शेजारी असली तर घाबरलेली पहिलटकरीणही धीर धरते. तिच्या येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा विचार गावानं करावा. फुकटात तिच्याकडून हे मागणं बरोबर नाही.

दवाखान्याला नकार देण्यामागं बहुतेक वेळा अपमान असतो. आधीच्या वेळी कुणीतरी ओरडलेलं असतं, अंगावरच्या कपड्यावरून बोललेलं असतं, ‘दरवर्षी येता’ असं सुनावलेलं असतं. ती बाई परत जात नाही आणि तिच्या नणंदेलाही जाऊ देत नाही. मेडिकल ऑफिसरला भेटून हे नीट सांगा, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मांडा. चांगलं वागणाऱ्या सिस्टरचं नावही तिथं घ्या. काही घरांत वार पुरण्याची रीत असते, बाळंतिणीला गरम पाणीच हवं असतं. आधी विचारलं तर बऱ्याच गोष्टींची सोय होते.

अठराच्या आतल्या मुलीची गोष्ट अवघड आहे, पण टाळू नये. कमी वयाची गरोदर मुलगी दवाखान्यात आली तर पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे. त्या भीतीनं घरचे तिला लपवतात आणि बाळंतपण घरीच करतात. नेमकं अशाच मुलीला बाळंतपणात जास्त धोका असतो. घरच्यांना खोटं सांगू नका, चौकशी होऊ शकते हे सांगा. पण कायदा उपचार अडवत नाही, कुठलाही सरकारी दवाखाना तिला परत पाठवू शकत नाही, हेही ठासून सांगा. आशाताई किंवा ओळखीच्या कार्यकर्तीनं मेडिकल ऑफिसरशी आधी बोलून तिला बरोबर न्यावं. आणि मूळ उपाय म्हणजे मुलींना दहावी-बारावीपर्यंत आश्रमशाळेत टिकवणं, त्याला दुसरी वाट नाही.

रक्त आणि पैसे

जोखमीच्या प्रत्येक बाईसाठी तिच्या रक्तगटाची दोन-तीन माणसं आधी शोधून ठेवा. निगेटिव्ह गट असेल तर ते पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या, तिला वेगळं इंजेक्शन लागू शकतं.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो २०११पासून आहे, बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि वाहन सगळं मोफत आहे. बाहेरून औषध आणायला लावलं तर ती चिठ्ठी जपून ठेवा. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या ग्रामीण बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या खेपेला दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अनुसूचित क्षेत्रात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे.

पैसे अडतात ते नावात. आधार माहेरच्या नावानं, बँकेचं खातं सासरच्या, किंवा खातं आधारला जोडलेलंच नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच हे दुरुस्त करा. आणि हे पैसे बाळंतपणाच्या रात्री हाती नसतात, महिन्यांनी येतात. त्या रात्रीसाठी गटात वेगळी रक्कम ठेवा. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला मिळणाऱ्या १०,००० रुपयांच्या अबंध (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून अगदी गरीब घराला दवाखान्यात पोहोचवण्याचा खर्च करता येतो. ठराव आधी करून ठेवा, म्हणजे सही शोधायची वेळ येत नाही.

वाटेतच बाळंत झाली तर

गाडी रस्त्याच्या कडेला थांबवा, १०८ला पुन्हा फोन करा. हात धुवा, खाली स्वच्छ कापड घाला. बाळाला ओढू नका, पोट दाबू नका. बाळ बाहेर आलं की लगेच कोरड्या कापडानं पुसा, आईच्या छातीवर उघडं ठेवा आणि दोघांवर मिळून पांघरूण घाला. नाळ कापायची घाई नाही. बाळ आईच्या अंगावर आहे तोवर नाळ तशीच राहू द्या, तिला ताण देऊ नका. वार आपोआप आली तर पिशवीत घालून बरोबर घ्या, ओढून काढू नका. बाळाला अंगावर पाजायला लावा, त्यानं गर्भाशयही आवळतं. मग दवाखान्यात जायचंच. ‘आता झालं की’ म्हणून परत फिरू नका, खरा धोका त्यानंतरच्या दोन तासांत असतो.

आणि एक गोष्ट हात जोडून: गावातल्या कुणाकडूनही ‘कळा वाढवायचं’ इंजेक्शन घेऊ नका. त्यानं गर्भपिशवी फाटू शकते.

घरी आल्यावर

दवाखान्यात ४८ तास थांबणं हा हट्ट धरा. नंतर आशाताईच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या आहेत. त्या कागदावरच राहत नाहीत ना, हे बचत गटानं बघावं. कापड भराभर भिजू लागलं, ताप आला, घाण वासाचं जाऊ लागलं, झटके आले, बाळ पिईना किंवा अंग गार पडलं, तर तीच ठरलेली वाट पुन्हा धरायची. बाळंतीण बाजेवरून उठत नाही म्हणून तिला कुणी विचारत नाही, असं होऊ देऊ नका.

ग्रामसभेत काय मांडायचं

शेवटी रस्ता नसेल तर वरचं सगळं अर्धवट राहतं. ‘वनखात्याची जमीन आहे, रस्ता होत नाही’ हे उत्तर पाड्यापाड्यांवर ऐकू येतं. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२)मध्ये रस्ता, दवाखाना, अंगणवाडी अशा १३ सुविधांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन, हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवरून वळती करता येते. तेव्हा पहिली हालचाल ग्रामसभेनंच करायची आहे. पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखालच्या गावांना, मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीतून आरोग्याची कामंही घेता येतात. साकव, सौर दिवे, उपकेंद्रातलं पाणी यासाठी तो मागा.

मागणी करताना ‘आमच्याकडं सोय नाही’ एवढंच लिहिलं तर अर्ज फाइलीत जातो. त्याऐवजी पाड्यावरच्या प्रत्येक बाळंतपणाच्या चार वेळा वहीत लिहून ठेवा: कळा कधी सुरू झाल्या, फोन कधी लागला, गाडी कधी आली, दवाखान्यात हात कधी लागला. बाई सुखरूप आली तरी लिहा. दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत ही वही मोठ्यानं वाचा. उशीर फोनमध्ये होतो, गाडीत होतो की दवाखान्याच्या दारात, ते लगेच दिसतं, आणि कुणाकडं काय मागायचं तेही ठरतं. फोनसाठी टॉवरची मागणी तहसीलदारांकडं, गाडीसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं, भूलतज्ज्ञासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडं. अर्जाला त्या पानाची झेरॉक्स जोडा, पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत त्या पोचेची तारीख वाचून दाखवा.